गिऱ्हाईक हाकलणारे नाना

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर लिहिलं ते दुधाच्या हिशेबापुरतं, तेव्हा हे कोणाच्या हाती लागलंच तर माफ करावं. पण आलेलं गिऱ्हाईक हाकलून लावण्यात आमच्या नानांचा हात धरील असा दुकानदार अख्ख्या राहुरी तालुक्यात निघायचा नाही, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं.

नाना माझे चुलत सासरे. धरणाच्या रस्त्यावर त्यांचं गळ, दोरा आणि जाळ्यांचं दुकान आहे. आमचं घर त्याच्या पाठीमागे, म्हणून भांडी घासता घासता मला सगळं ऐकू येतं. गिऱ्हाईक आलं की नाना वस्तू दाखवत नाहीत, परीक्षा घेतात. कंच्या पाण्यात बसणार, कंचा मासा, आमिष काय लावणार. एकदा नगरहून मोटारीतून एक साहेब आले. अंगात नुसते खिसेच असलेलं जाकीट. सगळ्यात भारी गळकाठी मागू लागले. मासा कोणता धरणार म्हटल्यावर म्हणाले, कुठलाही चालेल. नाना म्हणाले, "मग बाजारात जा साहेब. तिथं कुठलाबी मिळतो, आन् साफ करून देत्यात." पावसाळ्यात मासे अंड्यावर असताना बारीक जाळं मागणाऱ्याला तर ते बसाही म्हणत नाहीत. अशा वागण्याने दुकानाची किती भरभराट झाली असेल ते सांगायला नको.

त्यातून नाना माळकरी, मासा खात नाहीत. पण आमच्याकडची रीत अशी की, नवं जाळं पहिल्यांदा पाण्यात पडलं की त्यातला एक मासा वानोळा म्हणून जाळं देणाऱ्याला आणून द्यायचा. नाना तो दिवसभर दाराच्या खुंटीला टांगतात आणि संध्याकाळी आमच्याकडे पाठवतात. तोवर मासा येतोय हे न सांगता वासावरूनच कळतं.

मग मोबाईलवर जाळी स्वस्त मिळू लागली आणि खुंटी रिकामी पडली. दुकान बंद पडू नये म्हणून नानांच्या मुलाने तिथेच मोबाईलवरच्या पार्सलांचं काम घेतलं. देण्याघेण्याला बसले नाना. आता साडी मागवणाऱ्या बाईलाही, रंग टिकतो का कोणाला विचारलं होतं का, असं विचारल्याशिवाय ते पार्सल सोडत नाहीत.

आमचे हे धरणावर मासे धरतात. त्यांनी निम्म्या किमतीत जाळं मागवलं आणि नानांना कळू नये म्हणून मलाही सांगितलं नाही. पार्सल अर्थातच नानांच्या हाती आलं. एवढी हुशारी आमच्याच घराण्यात. नानांनी ते हातावर तोललं. "हलकं हाय," म्हणाले, "जाळं बुडवायचं शिसं सुटीत गेलं वाटतं."

पहिल्याच दिवशी ते पाण्याखालच्या बाभळीच्या खोडात अडकून फाटलं. कंपनी पैसे परत देणार होती, फक्त जाळं त्याच दुकानात नेऊन द्यायचं होतं. हे मान खाली घालून देऊन आले. दुसऱ्या दिवशी न्यायला आलेल्या कंपनीच्या माणसाने तपासायला जाळं उलगडलं, तर फाटलेलं कुठे सापडेना. नानांनी ते विणून टाकलं होतं, वर पदरचे शिशाचे मणी ओवले होते. माल चांगला आहे, पैसे मिळणार नाहीत, असं सांगून तो माणूस गेला. हे कपाळाला हात लावून बसले. नानांना आपलं काय चुकलं तेच कळेना.

"फाटकं जाळं माझ्या दुकानातून भायेर जाऊ द्यू व्हय? लोकं काय म्हनतील?"

पण नुकसान आपल्यामुळे झालं हे त्यांनी मनाला लावून घेतलं. दर सोमवारी येऊन ते उंबऱ्यावर थोडे थोडे पैसे ठेवू लागले. नको म्हणायचं मला धाडस होत नसे, मी चहा ठेवत असे. चहा पिता पिता ते कंपनीला, ह्यांना आणि माझ्या चहाला नावं ठेवत.

मध्ये एकदा हे त्या जाळ्यातला पहिला मासा घेऊन त्यांच्याकडे गेले. नाना म्हणाले, "ज्यानं जाळं दिलं त्याला दे. टाक त्या मोबाईलात."

हे म्हणाले, "नाना, गाठी तुमच्या हायेत."

नानांनी मासा खुंटीला टांगला, आणि त्या संध्याकाळी तो आमच्याकडे पाठवायचंच विसरले.

परवाच्या सोमवारी त्यांनी शेवटची नोट ठेवली. मी कधी नव्हे ते बोलले, "नाना, ही पुढच्या सोमवारी द्या की."

नानांनी माझ्याकडे बघितलं. "फिटलं, पोरी," म्हणाले. चहा मात्र त्या दिवशी त्यांनी नावं न ठेवता, सावकाश, खालच्या गाळापर्यंत प्यायला. पैसे सगळे फिटले होते.