देवाजी त्या दुपारी कुठे होते

ईशा आणि तन्मय, माझ्या नातवंडांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. या सदराच्या वाचकांनीही जरूर वाचावे, पण बोलणार मी तुमच्याशीच, एरवी मला हे लिहिता यायचे नाही. तुमच्या आईने तुम्हाला फोनवर अर्धे सांगितले आणि त्या अर्ध्याची तुम्ही भुताची गोष्ट करून टाकलीत. ती तशी नाही. म्हणजे... कशी आहे ते मलाही ठाऊक नाही. म्हणून घडले तसे लिहिते.

भूतबाधा, अंगात येणे, उतारे — यातले काहीही मी कधी मानले नाही. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले ताईत-गंडे एका टोपलीत भरून बाहेर काढले, आणि त्यांच्याबरोबर ती भीतीही बाहेर गेली. लहानपणी मागच्या अंगणात काही हलले म्हणून मी रडले, तर ते हातात कंदील देऊन म्हणायचे, जा, काय आहे ते बघून ये आणि मला सांग. बहुतेक वेळा मांजर असे. पुढे मी इंग्रजी शाळेत शिकले, आयुष्यभर विज्ञान शिकवले. कुणी मुलगी चिंचेवरच्या बाईची गोष्ट घेऊन आली, की मी तिला विचारायची — तू पाहिलेस काय, आणि तुला वाटले काय? बहुतेक जणी तिथेच अडायच्या.

आता जागा सांगते. विलासमामाचे गॅरेज तुम्ही पाहिले आहे, कळमना मार्केटच्या मागच्या रस्त्यावर. उंच पत्र्याची शेड, अख्खा ट्रक आत मावेल एवढी, आणि समोर रुळावर सरकणारे पत्र्याचे मोठे दार. मागे एक खिडकी, तिच्यात कूलर बसवलेला.

तिथे मामा काय करतो ते तुम्हाला नीट माहीत नाही, म्हणून सांगते. डिझेल पुरते जळले नाही की इंजिनाच्या आत काजळी धरते. कंदिलाच्या काचेवर धरते तशीच, पण इथे ती थरावर थर बसून दगडासारखी होते. मग गाडी चढावर दम टाकते, मागून काळा धूर ओकते. जुनी पद्धत म्हणजे इंजिन उघडून तो कार्बन खरवडायचा. त्यात गाडी अनेक दिवस उभी राहते आणि मालक कुरकुरतात. म्हणून आता डिझेल फवारणारी नोझल काढून त्या भोकांतून केमिकल ओततात आणि इंजिन तसेच भिजत ठेवतात. कार्बन सुटतो, काळ्या चिखलासारखा बाहेर येतो. निघालेले भाग वेगळ्या टबात त्याच केमिकलमध्ये बुडवून ब्रशने घासतात. गॅरेजमध्ये त्याला सगळे ‘दवाई’ म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही. तिचा वास घेतलात तर तुम्हालाही आवडणार नाही.

आणि ड्रायव्हर लोकांची एक रीत आहे. इंजिन उघडलेले असताना ड्रायव्हर गाडीपासून हलत नाही. जेवायला बोलवा, नाही. घरी जा म्हणा, नाही. तिथेच कुठेतरी टेकून बसतो. मामा म्हणतो, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात ना, तसे.

त्या दिवशी मी कळमन्याला आंबे घ्यायला गेले होते. ऊन तुम्हाला आठवते तसेच, डोळे उघडवत नव्हते, आणि गरम वारा सुटला होता. बेसापर्यंत, घरी, परत जायचे म्हणून विचार केला, विलासकडे थांबावे, तोच गाडीने सोडेल. गॅरेजशी पोचले तर दार पूर्ण लावलेले. वारा असला की तो लावतो, हे मला माहीत होते. उघड्या इंजिनात धुळीचा कण गेला तर सगळी मेहनत फुकट. कूलर लावला तर तोही धूळ आत ओढतो, म्हणून तो बंद ठेवतो. त्याची दोन्ही माणसे एका लग्नाला गेली होती.

दाराशेजारी भिंतीच्या सावलीत एक जुना टायर आडवा पडलेला असतो. त्यावर एक माणूस बसला होता. खाकी शर्ट, डोक्याला पांढरा दुपट्टा, उजवा हात मांडीवर उताणा ठेवलेला. मी विचारले, विलास आहे का? त्याने मानेने दाराकडे दाखवले. मास्तरणीची सवय, मी नाव विचारले.

“मी देवाजी, बाई. या गाडीचा ड्रायव्हर.”

मी म्हटले, अहो, मग समोर चहाच्या टपरीत तरी बसा, इथे झळा लागताहेत.

“गाडी उघडी आहे न, बाई. उघडी गाडी टाकून कसा जाऊ?” मग म्हणाला, “ते दार सरकवा. आत वास कोंडला. माह्याच्यानं नाही सरकत.”

त्याच्या आवाजात कसलीही घाई नव्हती. दूध उतू जाईल, बघा बरं, असे कुणी म्हणावे तसे तो म्हणाला.

दाराचा पत्रा इतका तापलेला की मी पदर हाताला गुंडाळून ढकलले. दार बोटभर सरकले आणि आतून जो भपकारा आला, त्याने माझे डोळे मिटले. मी विलासला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही. मी मागे वळले, देवाजींना सांगायला की धावा, कुणाला तरी बोलवा. टायरवर कुणी नव्हते. मला वाटले, शहाणा माणूस आहे, न सांगता मदत आणायला गेला.

मी ओरडले तशी समोरचा पंक्चरवाला रफीक धावत आला. त्याने दार रेटले. विलास टबाशेजारी कुशीवर पडला होता. गाल फरशीला टेकलेला, हातात ब्रश तसाच. रफीकने त्याला काखेत धरून बाहेर ओढले. त्या क्षणी मला त्याचे ओठ ज्या रंगाचे दिसले, तो रंग मी इथे लिहिणार नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, डब्यावर काय लिहिले होते? काहीच नव्हते. नेहमीचे केमिकल संपले म्हणून मामाने कुणाकडून तरी सुटे आणले होते, साध्या पांढऱ्या कॅनमध्ये. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर... आणि वाक्य पुरे न करता दुसऱ्या पेशंटकडे वळले.

विलासचा ऑक्सिजन काढला त्या सकाळी मी त्याला म्हटले, देवाजींना फोन कर आणि आभार मान. मला तर त्यांचा नंबरही माहीत नाही.

“कोणते देवाजी?”

“त्या गाडीचे ड्रायव्हर. बाहेर बसले होते ना.”

तो उशीला टेकून उठून बसला. मग म्हणाला, “आई, देवाजीकाकांना होळीच्या आधीच लकवा मारला. उजवी बाजू गेली. ते खाटेवरून उठत नाहीत. गाडी तर मालकाचा पुतण्या लावून गेला होता.”

मी म्हटले, मग दुसरा कुणी असेल आणि नाव तेच असेल. पण मला चैन पडेना. मी विलासला म्हटले, मालकाकडून एखादा फोटो मागव, ज्यात बरेच लोक असतील, आणि कोण कुठे आहे ते मला सांगू नकोस. दसऱ्याला गाडीची पूजा केली होती, तेव्हाचा फोटो आला. गाडीसमोर सात-आठ माणसे, गळ्यात झेंडूचे हार. मी एकावर बोट ठेवले. विलासने फोन उलटा करून गादीवर ठेवला आणि पाणी मागितले.

रफीकलाही विचारले. तो म्हणाला, “बाई, कोई नहीं था. आप अकेली खडी थी, मैं तो कबसे देख रहा था. सोचा, माताजी धूप में किससे बात कर रही.”

मुलांनो, मी सगळ्या बाजूंनी विचार केला. ऊन होते, माझे वय आहे. दाराच्या फटीतून थोडा वास बाहेर येत असेल. माझ्या नाकाला धोका कळला असेल आणि मेंदूने त्याला माणसाचे रूप दिले असेल. असे होऊ शकते. देवाजी हे नाव विलासने पूर्वी कधी घेतले असेल. तेही मान्य. पण चेहरा? त्यांना कधी पाहिल्याचे मला आठवत नाही. विलास म्हणतो, पाहिले असशील, विसरलीस. असेल. मी ‘नाही’ असे छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण ‘हो’ म्हणायलाही माझ्याकडे काही नाही.

विलास घरी आल्यावर मी टॅक्सी करून देवाजींच्या घरी गेले. खापरखेड्याच्या बाजूला त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. त्यांची बायको शेवंताबाई दारातच होती. एवढ्या उन्हात काहून आल्या, म्हणत तिने पाणी दिले. आत खाटेवर ते होते. तोच चेहरा, फक्त एका बाजूने ओघळलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिले ते अनोळखी माणसाकडे पाहतात तसेच.

मला वाटले होते, हे ऐकून त्यांना बरे वाटेल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कळावे की आपल्यामुळे कुणाचा तरी जीव वाचला, मग तो कसा का वाचलेला असेना. म्हणून मी सगळे सांगितले, त्यांच्या उशाशी बसून. विलासचे नाव काढले तेव्हा ते कौतुकाने हसलेही, चांगला मिस्त्री आहे म्हणाले. मग मी टायरवरच्या माणसाचे सांगितले, आणि त्यांचे हसू गेले.

त्यांची जीभ जड झाली आहे. शब्द एकेक करून येत होते. “उजवा हात असाच होता, बाई?”

मी हो म्हटले.

ते त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मंग मी गेलो कुठं? तुमी मले वापस जाताना पाहिलं का?”

मी खरे तेच सांगितले. नाही पाहिले. वळले तेव्हा टायर रिकामा होता.

त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताने खाटेची कड घट्ट धरली, चालत्या गाडीत धरतात तशी. शेवंताबाईने खिचडी आणली. त्यांनी तोंड उघडले नाही. गोळी दिली, ती ओठांतून बाहेर आली. ते एकच पुटपुटत होते, “मी वापस आलोच नाही का वं?” आणि ती म्हणत होती, “इथंच तर हाय तुमी, माह्यासमोर.”

तिने मला बाहेर नेले. मला वाटले रागावेल, पण तिने माझा हात धरला. म्हणाली, “जित्ता माणूस दुसरीकडं दिसनं चांगलं नसते, बाई. आमच्याकडं म्हणतेत, असा माणूस मंग जास्त दिवस राहात नाही, अन् त्यायले ते माहीत आहे. आता ते जेवाचे नाहीत. माह्यं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. तुमी शिकलेल्या. तुमी सांगा न, तुमाले भास झाला म्हणून.”

मी त्या ओट्यावर उभी राहिले. आयुष्यभर मी हेच वाक्य लोकांना सांगत आले — भास असतो, दुसरे काही नसते. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलींना सांगितले, शेजारणींना सांगितले. ते म्हणायला मला कधी धीर गोळा करावा लागला नव्हता.

मी आत गेले. खाटेच्या कडेला बसून वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटले, “देवाजी, मी चुकले. विज्ञान शिकवलेली बाई आहे मी. ऊन होते, त्या केमिकलचा वास माझ्याही डोक्यात गेला होता. त्याने भास होतात, डॉक्टरांनीच सांगितले. टायरवर कुणी नव्हते. मी एकटीच बडबडत होते, समोरच्या पंक्चरवाल्याने पाहिले आहे.”

त्यांनी डोळे उघडले. “पक्कं?”

“पक्कं.”

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधले. त्यांना काय सापडले मला माहीत नाही. पण हळूहळू खाटेच्या कडेवरची बोटे सैल झाली, आणि शेवंताबाईने पुढे केलेला चमचा त्यांनी तोंडात घेतला. मी पुरी वाटीभर खिचडी संपेपर्यंत तिथे बसून होते.

मामाला अजून जिना चढताना खोकला येतो. गॅरेजचे दार आता उघडे असते, धूळ बसो की काही होवो. त्या विषयावर तो हसतो आणि म्हणतो, आई, तुझं नाक हुशार. देवाजी आहेत, हळूहळू जेवतात, असे मालकाकडून कळते. मी दर वेळी ते दोनदा विचारते.

ईशा, तू विचारलेस, मग आजी, खरे काय होते? मला माहीत नाही. आणि न कळलेली गोष्ट तशीच सोडून देणे माझ्या स्वभावात नाही, रात्री-अपरात्री मी अजूनही तो टायर आणि तो हात डोळ्यांसमोर आणून बघते. खोदून विचारावे असे या जगात एकच घर आहे, देवाजींचे. आणि त्या घरात मी सांगून आले आहे की मी काहीच पाहिले नाही.