धान सुटायची वेळ

गोंदिया जिल्ह्यात अडलेल्या वस्तूकडे मायेनं बघणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमचा साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईंचा नवरा निघाला! कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. निवृत्त झाले आणि प्रयोगशाळा घरी मांडून बसले. अडलेलं सुटतं कसं, हा एकच ध्यास. एका पाटावर त्यांनी वेडेवाकडे खडे चिकटवलेत. वरच्या काठाशी मोहरी ओतायची आणि पाट जरासा कलावा म्हणून त्या काठाखाली जुनं वर्तमानपत्र सरकवायचं. एक सरकवलं की थांबायचं. दुसरं सरकवलं की पुन्हा थांबायचं. कितीतरी वेळ दाणा हलत नाही. मग एखादा खड्यांमधून वाट काढत उतरतो, मागून दुसरा त्याच वाटेनं, आणि अजून एक वर्तमानपत्र ठेवलं की भराभर सगळेच! पुन्हा मांडलं तर वर्तमानपत्रांचा आकडा वेगळा. "आमी बिनफोडणीचं वरण खाऊन राहिलो अन् ह्यांची मोहरी पाटावर!" असं ताई आल्यागेल्याला सांगतात. बसस्टँडवर दारात अडलेली गर्दी कशी सुटते हे बघण्यात त्यांची स्वतःची तिरोड्याची बस कितीदा तरी निघून गेली आहे. त्याचं त्यांना काडीचं दुःख नाही.

गेल्या हंगामात आम्ही दोघं त्यांच्या पुतण्याच्या राईस मिलमध्ये गेलो होतो, तेव्हा ओलसर धान हॉपरमध्ये, म्हणजे वरून धान ओतायच्या मोठ्या लोखंडी नरसाळ्यात अडलं. खालचं तोंड उघडं, पण दाणा पडेना. अशा वेळी हमालानं शिडी चढून आत उतरायचं आणि धान पायानं तुडवायचं, ही तिथली जुनी रीत. हमाल आला तर साडभाऊ शिडीच्या पायरीवर ठाण मांडून बसलेले.

"सरका भाऊ, दोन मिनिटाचं काम हाय."

"उतरशीन. अन् धान सुटलं त वर कोन काढीन तुले?"

"आजवर त कोनी मेला नाही."

"मंग तुले काऊन पहिला व्हायचं हाय?"

पुतण्या खवळला. "काका, बाहेर ट्रक खोळंबून राहिले! तुमचा मोहरीचा खेळ इथं कायले?" साडभाऊ पायरीवरून हलले नाहीत. लाकडी मोगरी त्यांनी माझ्या हातात दिली. मी बाहेरून हॉपरवर ठोकायचं, थांबायचं, पुन्हा ठोकायचं. सकाळची दुपार झाली, माझे खांदे भरून आले. डबासुद्धा त्यांनी पायरीवरच खाल्ला. खरं सांगतो, मीही मनातून त्यांना शिव्या घालत होतो.

आणि अचानक हॉपर गदगदलं. आतलं धान एका दमात खाली बसलं. हमालानं आणि मी वर चढून पाहिलं तर मधोमध पुरुषभर खोल खड्डा, आणि कडेचं धान अजून त्यात घसरत होतं. हमाल खाली उतरला, भिंतीला टेकून बसला आणि त्यानं घरी फोन लावला. "काई नाही, असाच लावला. जेवली का?"

परतताना साडभाऊ माझ्या स्कूटरवर मागे बसले. मी म्हटलं, "भाऊ, आज तुम्ही जिंकलात."

"कायचं जिंकलो?" ते म्हणाले. "इतकी वर्सं पाहून राहिलो, पन नेमकी वेळ काई सांगता येत नाही. पाय आखडले होते रे. सुटायच्या पाच मिनिटं आधी मी पायरीवरून उठूनच राहिलो होतो, त्याले जा म्हननार होतो."

मिलमध्ये आता कोणी आत उतरत नाही. काकांना सगळं आधीच कळतं, असं पुतण्या लोकांना कौतुकानं सांगतो. तेव्हा साडभाऊ मान खाली घालतात, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते.