गाऱ्हाण्यातली रिकामी जागा

फ्लाकच्या बाजारात बैल सोडत होतो, तेव्हा आमच्या मळ्यावरचा गाडीवान म्हणाला, धोंडूदादा गेले. ऊसतोड नुकतीच लागली होती. मी तिथेच जुवाला टेकून बसलो... हा माणूस कधी जाईल असं मनातच आलं नव्हतं.

आम्ही एकाच जहाजाने कोकणातून या बेटावर उसाच्या मजुरीला आलो. मोंतान्य ब्लांश डोंगराच्या पायथ्याला मी रडत बसलो, तर दादांनी नदीतला धोंडा आणून आंब्याखाली मांडला आणि गावासारखं वर्षाचं गाऱ्हाणं सुरू केलं. शिवेवरची एकेक खूण देवाला नावानिशी सांगायची आणि आतल्या लेकरांची राखण मागायची. दादा गावाकडची खाडी, घाटी, देवराई सांगत; आम्ही ‘होय म्हाराजा’ म्हणत डोळे पुसायचो.

एका वर्षी इथेच जन्मलेली त्यांची गंगा तापाने फणफणली. तिला मांडीवर घेऊन दादांनी गाऱ्हाणं घातलं. पोर मध्येच म्हणाली, "बाबा, ती खाडी खंय आसा?"

तेव्हा कुठे ध्यानात आलं. इतकी वर्षं आम्ही समुद्रापलीकडे राखण मागत होतो आणि आमची पोरं शिवेबाहेर उघड्यावर! मग दादांनी मान वर करून समोरच्या डोंगरापासून पुन्हा सुरुवात केली. ताप त्याने उतरला की काढ्याने, देव जाणे. पण पोर उठली.

पुढे दर रविवारी दादा शेजारच्या म्हाताऱ्या क्रेओल बाईला घेऊन भटकत; ती गुलामांच्या वंशातली, आपल्या क्रेओल बोलीत एकेका जागेचं नाव सांगे. कारखान्याचं धुराडं, छोटं चर्च, नदीचा उतार, गुलामांची बिननावाची थडगी... तिथली माती ते कपाळाला लावत. सगळं गाऱ्हाण्यात आलं.

मी चिडवायचो, "देवाक क्रेओल कळता?"

"तुका कळता, मगे देवाक कित्याक कळाचा नाय?"

गाऱ्हाण्याच्या शेवटी मात्र ते क्षणभर थांबत. आम्हाला वाटे, विसरले. विचारलं तर म्हणाले, "उद्या काय नवीन इला, तर तेका जागा नको?"

यंदा आंब्याखाली जमलो खरे, पण गाऱ्हाणं घालणार कोण? आम्ही पुरुष एकमेकांना पुढे ढकलत होतो. आता लेकुरवाळी झालेली गंगा उठली. बाईने गाऱ्हाणं घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. ती एकेक नाव घेत होती आणि तिची पोरं त्या त्या दिशेला माना वळवून बघत होती. सगळ्यांना सगळं दिसत होतं.

शेवटी ती बापासारखीच थांबली. मग म्हणाली, "आणि नदीच्या उतारार, जंय आगीन दिली, थंय माझो बापूस आसा. तेची नजर आमच्यार ऱ्हवांदे, म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, रडत रडत.

गंगा अजून हात जोडून उभी होती. ती पुन्हा क्षणभर थांबली, आणि मगच तिने धोंड्याला पाणी घातलं.