पाय दक्षिणेला

बातमीत ‘म्हणे’ हा शब्द दिसला की मी तो खोडायचो. नोकरीभर हेच केलं. असल्या अनुभवांवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. घडलं ते क्रमाने लिहितो.

निवृत्तीनंतर मला फिरतं घर हवं होतं. तयार मोटरहोम महाडच्या आमच्या गल्लीत शिरलंच नसतं. कारमागे कॅराव्हॅन जोडून आंबेनळी घाट चढायची माझी छाती नव्हती. पत्नी वैशालीला कारच्या टपावरचा तंबू पसंत होता. माझ्या गुडघ्यांना नव्हता. शेवटी मी जुनी मालवाहू व्हॅन घेतली आणि बिरवाडीच्या सुताराकडून आत पलंग आणि ओटा करून घेतला. पलंग लांबीत... डोकं ड्रायव्हरच्या सीटमागे, पाय मागच्या ओट्याखाली. उलटं झोपलं तर कपाळ ओट्यावर आपटतं.

वैशालीने अट घातली. आमचे वाद पोलादपूरजवळच्या वाडीत राहणारी माझी आत्या सोडवते. आत्या व्हॅनमध्ये निवांत झोपली तर व्हॅन ठेवायची, नाहीतर विकून तंबू घ्यायचा.

आत्याला घेऊन महाडजवळ सव या गावच्या कुंडांवर गेलो. गरम पाण्यात पाय शेकले, डबे खाल्ले. सावलीसाठी व्हॅन एका बंद गाडीवाटेत घातली – दोन्हीकडे दगडी गडगे, तोंडासमोर चिंच, वळायला जागा नाही. आत्याने सूर्य बघितला, पलंग बघितला.

“पाय दक्षिणेला करून मी नाय झोपायची. तसं मेलेल्याला ठेवतात.”

गाडी बाहेर काढून रिव्हर्सने आत घालता आली असती. पण माझ्या रिव्हर्सबद्दल घरात एकमत आहे. काही होत नाही हे दाखवायला मीच पलंगावर आडवा झालो, शेजारी वैशाली. आत्या बाहेर घडीच्या खुर्चीत बसली. हँडब्रेक ओढलेला, किल्ली माझ्या खिशात.

चहाच्या वेळेला जाग आली. मागचं दार उघडलं, तर समोर चिंचेचं खोड.

खाली उतरलो. व्हॅनचं तोंड रस्त्याकडे होतं. मऊ मातीत चाकांची एकच जोडी उमटलेली. वळल्याची खूण नाही. आत्याला विचारलं. तिचा डोळा लागला होता. गडग्यापलीकडे एक गृहस्थ गवत कापत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “आल्यापासून अशीच हाय की.”

आत्या तोवर आत जाऊन पलंगावर आडवी झाली होती. “गाडीला तुझ्यापेक्षा कळतं रे,” म्हणाली, आणि घोरू लागली.

व्हॅन राहिली.

त्या संध्याकाळी वैशालीने एक तर्क मांडला – आपणच गोंधळलो, मी व्हॅन मुळातच रिव्हर्सने आत घातली असणार. क्षणभर माझ्याकडे बघून तिनेच तो मागे घेतला. दुसरा तर्क अजून कोणाला सुचलेला नाही.