लियाकतभाईंचे ओठ आणि चिलीचे पेसो

लियाकत परकार मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. दुबईत, देऱ्याच्या बाजारपेठेत, फळं आयात करणाऱ्या एका कंपनीत ते शिपिंगचे कागद बघायचे आणि राहायचे शारजात, अल मजाजला. माणूस सोन्यासारखा, पण खोड अशी की बायकोनं कपाळ बडवून घ्यावं. कुठलीही किंमत कानावर पडली की स्वारी ती आधी दिरहममध्ये म्हणायची, मग तेरानं गुणून रुपयांत. तेही मोठ्यानं!

"शवर्मा तीन दिरहम, म्हणजे एकोणचाळीस रुपये! अरे, एवढ्यात गावाला टोपलीभर बांगडे यायचे!"

समोरच्याचा घास तोंडातच अडकला तरी यांना त्याचं काही नाही. बरं, मनातल्या मनात करा म्हणावं, तर तेही जमायचं नाही. ओठ हलल्याशिवाय लियाकतभाईंचं गणित पुढे सरकतच नसे.

त्यांच्या बायकोनं, मरियमबीनं, हे वीस वर्षं सोसलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दुबईच्या सोनेबाजारात, गोल्ड सूकमध्ये, तिनं हौसेनं एक बांगडी हातात चढवली, तर यांनी रुपयांतला आकडा असा काही ठणकावला की तिनं ती उतरवून ठेवली आणि घरी येईपर्यंत टॅक्सीत रडली.

दोन हजार दोन साली कंपनीच्या मालकानं लियाकतभाईंच्या नोकरीची वीस वर्षं झाली म्हणून त्यांना दोघांची चिलीची तिकिटं दिली. सफरचंदं तिकडूनच यायची. वालपराइसो बंदरात तिथल्या व्यापाऱ्याचं रिकामं घर राहायला फुकट. खाणंपिणं आणि फिरणं तेवढं यांच्या खिशातून. लियाकतभाई दोन दिवस ओठ हलवत बसले आणि दोघांचं मिळून दिवसाला पंचवीस डॉलर असं पक्कं बजेट ठरलं.

"मी येईन," मरियमबी म्हणाली. "पण तिकडे तुमच्या तोंडून एकदा जरी रुपये ऐकले ना, तर त्याच पावली मी विमानतळावर. आणि परत शारजाला नाही येणार, रत्नागिरीला भावाकडे जाईन, कायमची. खलास!"

लियाकतभाईंनी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती. "एकदाही नाही. शब्द देतो," ते म्हणाले. लेक अलिना सामान भरत होती, तिनं बापाच्या बॅगेतला कॅल्क्युलेटर काढून घेतला आणि वर म्हणाली, "अब्बा, इट्स अ हॉलिडे, नॉट अॅन ऑडिट."

चिलीत उतरल्यावर त्यांनी चारशे डॉलर मोडले आणि हातात पावणेतीन लाख पेसो आले. वालपराइसोची बस सुटायच्या आधी दोन कॉफ्या घेतल्या, तर दुकानातली बाई म्हणते अठराशे! लियाकतभाईंचे ओठ थरथरले. मरियमबीची नजर ओठांवरच. त्यांनी घाईघाईनं तोंडाला रुमाल लावला.

तिथून जी तारांबळ सुरू झाली ती विचारू नका. पंचवीस डॉलरचे पेसो किती, एवढं कळलं असतं तरी भागलं असतं, पण त्याला गुणाकार लागतो, गुणाकाराला ओठ लागतात, आणि यांचे ओठ एकदा सुटले की रुपयांवर जाऊनच थांबतात. एकदा त्यांनी न्हाणीघरात कोंडून घेऊन प्रयत्न केला. लगेच दारावर थाप.

"आत कोण बोलतंय?"

"कोणी नाही, गुणगुणतोय जरा."

"गुणगुणताय की गुणताय?"

गणित तिथेच राहिलं. जिकडे जावं तिकडे आकडे हजारांतच, आणि हजार म्हटलं की यांचा हात खिशातून बाहेरच येत नसे. त्यामुळे दोन दिवस नवरा-बायकोनं पाव आणि केळी खाऊन काढले. वालपराइसो सगळं डोंगरावर वसलेलं, आणि डोंगर चढायला तिथे उतारावरून सरकणारी लिफ्ट असते. पण तिचं तिकीट शंभर! "पायी गेलेलं तब्येतीला चांगलं," असं म्हणत लियाकतभाई धापा टाकत पायऱ्या चढले. मागून मरियमबी पायांना तेल लावायच्या गोष्टी करत होती.

तिसऱ्या दुपारी धक्क्यावरच्या एका खानावळीतून माशाच्या कढीचा वास आला. मरियमबी सरळ आत जाऊन बसली. फळ्यावर लिहिलेलं, एक प्लेट साडेचार हजार. लियाकतभाई उभेच.

"बसा ना!"

"मला भूक नाही." पोटानं लगेच खोटं पाडलं.

"जास्त आहे का हो? सांगा तरी."

लियाकतभाईंनी ओठ घट्ट मिटून नकाराची मान हलवली. दिलेला शब्द म्हणजे शब्द.

"अल्लाह, काय हट्टी माणूस आहे! मीच करते." आणि तिनं हिशोब केला. वीस वर्षं कानावर एकच पडलेलं, गुणायचं, आणि हल्ली तेरानं. तिनंही गुणलं, पेसोंनाच! "साडेचार हजार तेरे... अठ्ठावन्न हजार पाचशे... दोघांचे... एक लाख सतरा हजार! कढीचे!" ती किंचाळून उठली, खुर्ची आडवी झाली. वेटर पाणी घेऊन धावला, तर ती ते पिईना. न जाणो, पाण्याचे किती हजार!

तिचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून लियाकतभाईंचा धीर सुटला.

"गुणायचं नाही गं, भागायचं!" ते ओरडले. "दोघांचे नऊ हजार पेसो, म्हणजे तेरा डॉलर, म्हणजे अठ्ठेचाळीस दिरहम, म्हणजे सहाशे चोवीस रुपये! आणि ती लिफ्ट, मरियम, ती लिफ्ट सात रुपये!"

अख्खी खानावळ त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांचं त्यांनाच कळलं, की तोंडातून गेलं. ते मटकन खाली बसले.

"चुकलो. पण जाऊ नकोस. तुझ्याशिवाय घरी जायची भीती वाटते मला."

मरियमबीनं खुर्ची उचलली, त्यांच्यासमोर ठेवली आणि बसली.

"सहाशे चोवीस?"

"हो."

"आणि दोन दिवस मला पावावर ठेवलंत?"

"तूच तर बोलू देत नव्हतीस!"

"गप्प बसा." ती खाली मान घालून टेबलावरचं मीठ इकडून तिकडे करत राहिली. मग म्हणाली, "वीस वर्षं तुमचे रुपये ऐकतेय. बांगडी असो, शवर्मा असो, माझ्यावर खर्च झाला की तो जास्तच. आज पहिल्यांदा तुम्हाला थोडे वाटले हो."

तिनं वेटरला तीन बोटं दाखवली.

"तिसरी कुणाला?"

"मलाच. मोजा आता. मोठ्यानं मोजा."

लियाकतभाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, खूप हलले, पण आकडा काही बाहेर येईना, आणि मरियमबीनं पदरानं त्यांचे डोळे पुसले.