काका पीत नव्हते

१९९९ साली अर्जुनी मोरगावच्या स्टेशनवर बाबूजी मला सोडायला आले, तेव्हा धानाची रोवणी उरकायची होती. त्यांच्या पायांवरचा चिखल वाळला होता. गाडी हलताना ते म्हणाले, "इतक्या दूर पुण्याले कायले जाऊन राहिली बाई? नागपुरात कॉलेज नाही का?"

कारण त्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी माझे काका गेले. पोट पाण्यानं फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि गावानं ठरवून टाकलं की हा माणूस चोरून मोहाची पीत होता. काकांनी कधी थेंब घेतला नव्हता. काकूनं बायकांत बसणं सोडलं. दारूशिवायही लिव्हर असं नासतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि तसा अभ्यासक्रम मला पुण्यात मिळाला होता.

पुण्यात माझ्या 'जाऊन राहिली'ला मुली हसल्या. मी तसं बोलणं सोडलं. पुढं पीएचडी झाली, मग एडिनबरा. तिथल्या लॅबमध्ये मी लिव्हरच्या पेशी वाढवते. पुन्हा पुन्हा इजा होऊन लिव्हर निबर का होतं, ते शोधते. पेशींना रविवारीही खाद्य लागतं. तेव्हा त्या मजल्यावर मी एकटीच असते. परतल्यावर एकटीपुरता भात लावते, कुकर त्याला फार मोठा पडतो. तुमच्यातले जे असेच दूर गेलेत, त्यांना ही दुपार माहीत असेल. फोन करावासा वाटतो, आणि सांगायला काही नसतं.

एडिनबराला गेल्यावर काही वर्षांनी सुट्टीत गावी आले, तेव्हा घरच्या सगळ्यांना गोंदियाला नेऊन रक्त तपासून घेतलं. बाबूजींना हेपॅटायटिस बी निघाला, दारूशिवायही लिव्हर नासवणारा. हा आजार बाळंतपणात आईकडून लेकराला जाऊ शकतो. दोघा भावांना तो आजीकडूनच आला असणार, आणि काका त्यानंच गेले असणार. बाबूजींचं लिव्हर अजून शाबूत होतं. त्यांची रोजची गोळी सुरू झाली.

काकू अंगणात तांदूळ पाखडत होती. तिला सगळं सांगितलं. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मले मालूमच होतं. आता गावाले सांग."

मी सांगितलं. किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात, भेटेल त्याला. लोकांनी माना हलवल्या. बऱ्याच जणांना काका आठवतच नव्हते. तो आळ काकूनं आणि मीच तेवढा जपून ठेवला होता. माझं ऐकून एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "कोणाची पोरगी होय ही?"

तरी काकू त्या लग्नात बायकांच्या पंगतीत जेवायला बसली.

बाबूजी बरे आहेत. फोनवर मी गोळीचं विचारते. "घेतली" म्हणतात, आणि मग, "कवा येऊन राहिली?" मी महिना सांगते. गावच्या घरातल्या माझ्या खोलीत आता धानाची पोती असतात. मी येणार म्हटलं की बाबूजी ती पडवीत काढतात, खोली झाडून खाट टाकतात. मी निघाले की पोती परत आत जातात. घर म्हटलं की मला आता तीच खोली दिसते.