पोळ्याची कढई
आज जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासासरशी कटंगीजवळचं आमचं गाव आठवलं, बाबा गेल्यानंतरचा पहिला पोळा आठवला. आमच्यात घरातलं माणूस गेलं की तळण बंद होतं. पुढच्या सणाला माहेरचं कुणी येऊन कढई चढवतं, तेव्हाच ते पुन्हा सुरू होतं. मामा तुमसरच्या बसनं येणार होता. बस आली, मामा आला नाही. शेजारची काकी दारातूनच आईला म्हणाली, "राहू दे व बाई, यंदा वडे नको करू." आई गोठ्याकडे बघत होती. बाबांची बैलजोडी शिंगं रंगवून उभी होती. "काहून? त्यायचा धनी गेला, आता सणही हिसकून घेऊ का त्यायचा?" असं म्हणून तिनं चूल पेटवली आणि कढई स्वतःच चढवली. तेल तापल्यावर तिनं पहिला वडा सोडला. वडे निववून तिनं बैलांना भरवले, एकाच्या मानेला मिठी मारून पोटभर रडली आणि मग मला म्हणाली, "चाल, आता आपण खाऊ." यंदा माझे यजमान गेले. आज पोळा आहे. सकाळीच जाऊबाईंनी फोनवर बजावलं, "तुझा भाऊ आल्याबिगर कढई चढवू नको." मी हौ म्हटलं, फोन ठेवला आणि तेल कढईत ओतलं.